घरातले जुने टपाल तिकीट दुर्मीळ आहे का? कसे पाहावे, काय टाळावे

वडिलांच्या कपाटातून तिकिटांची वही निघते, आजीच्या ट्रंकेतून पत्रांचा गठ्ठा निघतो आणि घरात चर्चा सुरू होते: यातले एखादे लाखमोलाचे तर नाही ना? वाचकांच्या पत्रांत हा प्रश्न सतत येतो. सोबत मोबाइलवर काढलेला अंधुक फोटो असतो, ‘ऐंशी वर्षांपूर्वीचे आहे’ एवढीच माहिती असते. बऱ्याच जणांनी तशाच चित्राच्या तिकिटाला कुठेतरी लागलेली भलीमोठी किंमतही पाहिलेली असते. या सर्वांसाठी हे एकत्रित उत्तर.

पैशांच्या हिशेबाने पाहिले तर बहुतेकांच्या हाती फारसे काही लागणार नाही. पण ज्या थोड्या घरांत खरोखर मोलाची वस्तू असते, तिथे ती ओळखू येण्याआधीच घरचे लोक प्रेमाने, स्वच्छता करण्याच्या भरात तिचे नुकसान करतात. ते टाळता आले तरी या लेखाचे काम झाले.

जुने, विचित्र आणि दुर्मीळ: तीन वेगळ्या गोष्टी

जगातले पहिले चिकटवायचे टपाल तिकीट म्हणजे ब्रिटनचे ‘पेनी ब्लॅक’. ते मे १८४० मध्ये वापरात आले, म्हणजे याहून जुने तिकीट कोणाच्याच घरी असू शकत नाही. तरीही ते दुर्मीळ नाही. सुमारे ६ कोटी ८० लाख पेनी ब्लॅक छापली गेली आणि पत्रे जपून ठेवायची त्या काळी पद्धत असल्याने पुष्कळ उरली. कडा कापल्या गेलेला, शिक्क्याने झाकलेला साधा नग आजही काही हजार रुपयांत मिळतो. चारही बाजूंना मोकळी कड असलेल्या, रेखीव शिक्क्याच्या किंवा न वापरलेल्या नगाची किंमत मात्र कितीतरी पटींनी वर जाते.

याच्या उलट उदाहरण ब्रिटिश गयानाचे. १८५६ मध्ये लंडनहून येणारी तिकिटे वेळेवर पोचली नाहीत, म्हणून तिथल्या पोस्टमास्तराने स्थानिक वर्तमानपत्राच्या छापखान्यात काम भागवण्यापुरती तिकिटे छापून घेतली. कोणी नकला करू नयेत म्हणून कारकुनांनी त्यांवर शाईने आद्याक्षरे घातली. त्यातले एक सेंटचे किरमिजी तिकीट आज जगात एकच आहे. १८७३ मध्ये ते १२ वर्षांच्या एका मुलाला घरातल्या कागदांत सापडले आणि त्याने ते सहा शिलिंगांना विकून टाकले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला जवळपास ९५ लाख डॉलर मिळाले. २०२१ मध्ये तेच तिकीट सुमारे ८३ लाख डॉलरना गेले. कोपरे कापलेले, मळकट, चित्र धड न दिसणारे असे ते तिकीट आहे. दिसण्यावरून अंदाज बांधू नका. आणि जगातले सर्वांत महाग तिकीटही सात वर्षांत उतरले आहे, तेव्हा ‘तिकीट म्हणजे खात्रीची गुंतवणूक’ असे सांगणाऱ्यावर भरवसा ठेवू नका.

आता विचित्र तिकिटे. भूतानने १९६०च्या दशकात पोलादी पत्र्यावर आणि रेशमावर तिकिटे काढली. १९७२ मध्ये तर ग्रामोफोनवर वाजणाऱ्या चिमुकल्या रेकॉर्डच तिकिटे म्हणून आणल्या, ज्यांवर भूतानचे राष्ट्रगीत आणि लोकगीते ऐकता येतात. टोंगाने १९६३ मध्ये सोनेरी वर्खाची गोल तिकिटे काढली. स्वित्झर्लंडने २००० मध्ये भरतकामाचे आणि २००१ मध्ये चॉकलेटच्या वासाचे तिकीट काढले. ऑस्ट्रियाने २००६ मध्ये उल्केची पूड लावलेले, पोर्तुगालने २००७ मध्ये बुचाच्या सालीचे. आपल्या टपाल खात्याचे २००६ मधले चंदनाच्या वासाचे, २००७ मधली गुलाबाच्या वासाची आणि २०११ मधले गांधीजींचे खादीवरचे अशी तिकिटे अनेकांनी घेऊन ठेवली आहेत. ही तिकिटे मोठी गमतीची आहेत, मुलांना दाखवावीत अशी आहेत. पण ती संग्राहकांसाठीच काढलेली असल्याने लोकांनी पहिल्या दिवसापासून जपली, आणि जे सगळ्यांनी जपले ते सहसा महाग होत नाही. भूतानच्या रेकॉर्डना पुढे चांगली मागणी आली, कारण निघाल्या तेव्हा जाणकारांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली होती.

किंमत येण्यासाठी तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात: नग थोडे उरलेले असणे, ते हवे असणारे बरेच असणे आणि तुमच्या हातातला नग चांगल्या स्थितीत असणे.

सापडल्याबरोबर काय करू नये

यातली प्रत्येक चूक मी लोकांच्या घरी पाहिली आहे. बहुतेक चुका दुरुस्त करता येत नाहीत.

- पाकिटावरून तिकीट कापू किंवा सोडवू नका. संग्राहकांच्या दृष्टीने पत्ता, शिक्के, तारीख आणि तिकीट मिळून एक वस्तू असते. मॉरिशसच्या १८४७ सालच्या ‘पोस्ट ऑफिस’ मालिकेतली एक पेनीची दोन तिकिटे लावलेले एक पाकीट मुंबईच्या बायबल सोसायटीच्या चिटणिसांना आले होते. पुढे ते हिंदुस्थानातल्याच एका बाजारात सापडले आणि १९६८ मध्ये न्यूयॉर्कला ३ लाख ८० हजार डॉलरना विकले गेले. कोणी ती तिकिटे पाण्यात सोडवून वहीत लावली असती, तर ते पाकीट जगाला कधी कळलेच नसते. साध्या तिकिटाचे पाकीटही शिक्क्यामुळे मोलाचे ठरते. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून नैनीला विमानाने गेलेली पत्रे किंवा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून जुहूला आणलेल्या टपालातली पाकिटे ही त्याची उदाहरणे.
- पाण्यात भिजवू नका. काही जुन्या तिकिटांची शाई मुद्दाम पाण्यात विरघळणारी ठेवलेली असे, म्हणजे शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरता येऊ नये. ती भिजली की संपली.
- लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. लॅमिनेट केलेल्या तिकिटाला संग्राहक हात लावत नाहीत.
- खोडरबर, ब्लीच, साबण यांपैकी काहीही वापरू नका. डाग हा तिकिटाचा दोष असेल, पण पुसल्याची खूण त्याहून मोठा दोष मानली जाते.
- कडा ‘सारख्या’ करू नका. सुरुवातीच्या काळात तिकिटांना दाते नसत, ती कात्रीने कापून वापरत. मोकळी कड जितकी रुंद तितके चांगले.
- चिकटलेले तिकीट ओढून काढू नका. पावसाळ्यात डिंक ओला होऊन कोरी तिकिटे वहीला चिकटतात. ती तशीच ठेवा आणि जाणकाराला दाखवा. डिंकाच्या बाजूचा कागद सोलला गेला की तिकीट ‘पातळ’ पडते आणि भिंगाखाली ते लगेच दिसते.
- वहीचा क्रम मोडू नका. ज्यांनी जमवले त्यांच्या नोंदी, खरेदीच्या पावत्या, देवघेवीची पत्रे तिथेच राहू द्या. वस्तू कुठून आली याचा कागद पुढे फार उपयोगी पडतो.

हात लावायचाच असेल तर सपाट टोकांचा तिकिटांचा चिमटा घ्या. भुवया कोरण्याचा चिमटा चालत नाही, तो कागदाला टोचतो.

आपल्याकडच्या घरांत काय शोधावे

राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा आणि सहावा जॉर्ज यांची आण्यांच्या किमतीची वापरलेली तिकिटे जवळजवळ प्रत्येक जुन्या वहीत असतात. ती प्रचंड संख्येने छापली गेली होती. तशीच अजमान, फुजैरा, शारजा, उम्म अल-कैवेन अशा नावांची चकचकीत, मोठी, प्राण्यांची आणि अंतराळवीरांची तिकिटे. १९६०-७०च्या काळात ती पुडक्यांतून मुलांना विकण्यासाठीच छापली जात, बऱ्याचदा शिक्का मारूनच. त्यांची किंमत नगण्य आहे. मुलांना संग्रहाची सुरुवात करून द्यायला ती उत्तम.

पुढचे काही मात्र निवांत पाहा.

*सिंध डाक.* १ जुलै १८५२ रोजी सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी काढलेली अर्ध्या आण्याची तिकिटे ही आशियातली पहिली. तांबडे, पांढरे आणि निळे अशी ती तीन प्रकारची होती. लाखेसारखे तांबडे तर इतके ठिसूळ की अखंड नग मिळणे कठीण. त्यांच्या नकलाही पुष्कळ आहेत, तेव्हा सापडले म्हणून लगेच हुरळून जाऊ नका.

*संस्थानी तिकिटे.* भोर संस्थानने १८७९ मध्ये हातकागदावर ठसा मारून तिकिटे काढली आणि १९०१ मध्ये पंतसचिवांच्या चित्राचे तिकीट काढले. दाते नसलेली आणि ओबडधोबड असल्याने ती कागदाचा तुकडा समजून टाकली जाऊ शकतात. मराठवाड्यातल्या जुन्या कागदांत निजामाच्या हैदराबादची तिकिटे मिळतात. काही मालिकांवर उर्दू आणि इंग्रजीबरोबर मराठी व तेलुगूही आहे. यातली बरीच स्वस्त आहेत, पण पाकिटावर शिक्क्यासह असतील तर दाखवून घ्या.

*पोर्तुगीज इंडिया.* १८७१ पासूनची ही तिकिटे गोव्यातल्या घरांत असतात. सुरुवातीची गोव्यातच छापलेली आहेत आणि त्यांचे बारीकसारीक प्रकार इतके आहेत की ती तज्ज्ञाचेच काम आहे. नंतरची बरीचशी सामान्य आहेत.

*परदेशात गेलेल्यांची पत्रे.* झांजीबार, ब्रिटिश ईस्ट आफ्रिका, कुवेत, बहरीन इथे काही काळ हिंदुस्थानचीच तिकिटे तिथल्या नावाचा ठसा मारून वापरली जात. पहिल्या महायुद्धात मोहिमेवर गेलेल्या हिंदी फौजेसाठी ‘आय. ई. एफ.’ असा ठसा मारलेली तिकिटे होती. घरातले कोणी मेसोपोटेमियात किंवा पूर्व आफ्रिकेत होते का, एवढी चौकशी करा आणि त्यांची पत्रे पाकिटासकट बाजूला ठेवा.

*गांधीजींची १९४८ सालची मालिका.* १५ ऑगस्ट १९४८ रोजी दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये अशी चार तिकिटे निघाली. ती स्वित्झर्लंडमध्ये छापलेली आहेत. दहा रुपयांचे तिकीट चांगल्या स्थितीत असेल तर ते नक्कीच मोलाचे आहे. गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी त्याच मालिकेवर ‘सर्व्हिस’ असा ठसा मारला होता. त्या दहा रुपयांच्या चार तिकिटांची पट्टी २०१७ मध्ये ५ लाख पौंडांना विकली गेली. या बातमीनंतर खोटे ठसे मारलेले नग घेऊन लोक फिरताना दिसतात. ठसा आहे म्हणून तिकीट खरे, असे मुळीच धरू नका.

एक गोंधळ सर्रास होतो. कोर्ट फी आणि महसुली तिकिटे ही टपाल तिकिटे नव्हेत. कोल्हापूरसारख्या अनेक संस्थानांनी टपाल तिकिटे काढली नाहीत, पण कोर्ट फीची काढली. त्यांचे संग्राहक वेगळे असतात आणि त्यांतही चांगल्या वस्तू निघतात. मात्र जमिनीच्या किंवा वाटणीच्या दस्तावरून असे तिकीट कधीही फाडू नका. तो दस्त तुमच्या हक्काचा पुरावा असू शकतो.

छपाईतली चूक की नंतरचा बिघाड?

‘उलटे छापले आहे’, ‘रंग वेगळा आहे’ अशी पत्रे सर्वांत जास्त येतात, म्हणून हे थोडे सविस्तर.

अमेरिकेचे १९१८ सालचे २४ सेंटचे विमानाचे तिकीट दोन रंगांत, दोन फेऱ्यांत छापले जात होते. आधी तांबडी चौकट, मग निळे विमान. दुसऱ्या फेरीला काही कागद उलटे गेले आणि शंभर तिकिटांचा एकच ताव पोस्टातून बाहेर विकला गेला. त्यातल्या एका तिकिटाला २०२३ मध्ये २० लाख डॉलरहून जास्त मिळाले. आपल्याकडेही १८५४ च्या चार आण्यांच्या तिकिटात हेच घडले होते: तांबडी चौकट सुलट, निळे राणीचे डोके उलटे. आज त्याचे मोजकेच नग ठाऊक आहेत. यावरून पहिली कसोटी मिळते. तिकीट वेगवेगळ्या फेऱ्यांत छापलेले असेल तरच त्याचा एखादा भाग उलटा येऊ शकतो. एकाच रंगाच्या, एका फेरीत छापलेल्या तिकिटात तसे दिसत असेल तर कोणीतरी ते बनवले आहे.

रंगाची गोष्ट याहून फसवी. स्वीडनचे १८५५ सालचे तीन स्किलिंगचे तिकीट हिरवे असायला हवे होते. एक पिवळे निघाले आणि १९९६ मध्ये ते सुमारे २३ लाख डॉलरना गेले. पण उन्हाने, दमटपणाने, रसायनाने रंग बदलणे हे रोजचे आहे. हिरव्यातला पिवळा उडून निळे उरते, नारिंगी तपकिरी पडते. तुमच्या तिकिटाच्या पाठचा कागदही पिवळा पडला असेल, किंवा शिक्क्याखालचा आणि उघडा रंग वेगळा असेल, तर तो बिघाडच समजा.

दाते सरकलेले, रंग किंचित बाजूला गेलेला अशा नगांना थोडी जास्त किंमत येते, पण लाखांचा विषय नाही.

खरे की बनावट, घरी किती कळते?

एक भिंग आणि दाते मोजायची पट्टी एवढ्यावर पहिली चाळणी होते. दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रे बसतात तो दात्यांचा आकडा. तो तुमच्या नगावर कॅटलॉगमधल्या आकड्याशी जुळला नाही तर तिकीट दुसऱ्या मालिकेचे तरी असेल किंवा खोटे. पाठीवरचा डिंक दात्यांच्या टोकांपर्यंत ओघळलेला दिसला तर तो नंतर लावलेला असण्याची शक्यता मोठी. उजेडासमोर धरल्यावर एखादा भाग जास्त पारदर्शक दिसला तर कागद सोललेला आहे.

यापलीकडे घरी ठरवायला जाऊ नका. ज्याँ द स्पेराती हा नकलाकार स्वस्त तिकिटांवरची छपाई उडवून त्याच अस्सल जुन्या कागदावर महाग तिकीट छापत असे. त्याचे काम इतके सफाईदार होते की ब्रिटिश फिलाटेलिक असोसिएशनने १९५४ मध्ये त्याचा सगळा साठा विकत घेऊन त्याला थांबवले. अशा नकला नजरेला कळत नाहीत.

कोणाला दाखवावे, प्रमाणपत्र कधी घ्यावे

1. आधी वहीच्या प्रत्येक पानाचा दिवसाउजेडी, फ्लॅश न वापरता फोटो काढा. मोलाच्या वाटणाऱ्या नगांची पाठही घ्या.
2. स्टॅन्ली गिबन्सचा किंवा भारतासाठी ‘फिला इंडिया’ हा कॅटलॉग पाहा. मोठ्या ग्रंथालयांत किंवा संग्राहक मंडळांत तो मिळू शकतो. गिबन्समधली किंमत म्हणजे चांगल्या नगासाठी व्यापारी जी मागेल ती. तुम्हाला मिळणारी रक्कम तिच्यापेक्षा बरीच कमी असते, हे मनाशी पक्के करून ठेवा.
3. स्थानिक संग्राहक मंडळातल्या दोघांना तरी स्वतंत्रपणे दाखवा. महापेक्ससारख्या राज्यस्तरीय प्रदर्शनात अनुभवी परीक्षक भेटतात. मुंबई, पुणे, नागपूर, पणजी इथल्या फिलाटेलिक ब्युरोत नवी तिकिटे मिळतात आणि संग्राहकांची ओळख होऊ शकते, पण किंमत ठरवून देणे हे त्यांचे काम नव्हे.
4. दोघांचेही मत अनुकूल असेल तरच प्रमाणपत्राचा खर्च करा. लंडनची रॉयल फिलाटेलिक सोसायटी आणि न्यूयॉर्कची फिलाटेलिक फाउंडेशन यांची प्रमाणपत्रे जगभर चालतात. तिकिटाची अपेक्षित किंमत प्रमाणपत्राच्या खर्चाच्या काही पट नसेल तर हा खटाटोप करू नका.

विकत घेताना समोरच्याकडे प्रमाणपत्र असेल, तर त्यावरच्या फोटोतला शिक्का आणि दाते हातातल्या नगाशी ताडून पाहा आणि प्रमाणपत्राचा क्रमांक त्या संस्थेकडे विचारून खात्री करा. खऱ्या प्रमाणपत्राबरोबर दुसराच नग ठेवण्याची युक्ती जुनी आहे.

परदेशी पाठवण्याआधी कायदा पाहावा लागतो. पुरावस्तू व कलामूल्य वस्तू अधिनियम, १९७२ मध्ये साधारणपणे शंभर वर्षांची मर्यादा आहे. ऐतिहासिक मूल्य असलेल्या कागदपत्रांसाठी ती पंचाहत्तर वर्षांची आहे. जुनी पत्रे, पाकिटे किंवा तिकिटे बाहेर धाडण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात लेखी विचारणा करा.

विकायचे ठरले तर

घाऊक घेणारा व्यापारी लगेच पैसे देतो, पण संपूर्ण वहीचा एकच भाव लावतो. त्यातले एक पान त्याला हवे असते आणि त्याचीच तुम्हाला कल्पना नसते. म्हणून वरची पहिली तीन पावले झाल्याशिवाय वही घराबाहेर देऊ नका, ‘दोन दिवस बघायला’ म्हणूनही नाही.

लिलावात जास्त मिळू शकते, वेळ मात्र जातो. करार करताना हे लिहून घ्या: विक्रेत्याकडून किती टक्के कमिशन कापणार, कमीत कमी किंमत किती, न विकल्यास काही आकार लागेल का, वस्तू त्यांच्या ताब्यात असताना विमा कोणाचा, आणि पैसे किती दिवसांत. वस्तू देताना फोटोसह नगवार पोच घ्या.

वडिलोपार्जित संग्रह असेल तर तोही वारसांत वाटणीला येतो. भावंडांची लेखी संमती न घेता केलेल्या विक्रीवरून घरे तुटलेली पाहिली आहेत.

फसवणूक आणि तुमचे हक्क

‘तुमचे तिकीट पाच लाखांना घेतो, फक्त नोंदणी शुल्क भरा’ असा फोन आला तर तो तिथेच ठेवा. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाने चालणाऱ्या याच प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते. खरा खरेदीदार विकणाऱ्याकडून आगाऊ पैसे मागत नाही. पैसे गेलेच असतील तर विलंब न लावता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

व्यापाऱ्याने खरे म्हणून खोटे तिकीट विकले असेल तर ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रारीची बाब आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर सल्ला मिळतो आणि आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. यासाठी बिल हवे, आणि बिलावर तिकिटाचे पूर्ण वर्णन व ‘अस्सल’ हा शब्द हवा. ‘जुनी तिकिटे, एक संच’ एवढेच लिहिलेले बिल घेऊन आयोगासमोर काही सिद्ध करता येत नाही. बनावट सरकारी तिकिटे तयार करणे आणि जाणूनबुजून विकणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे, तेव्हा गंभीर प्रकरणात पोलिसांतही जाता येते.

ठेवायचे ठरले तर

स्टॉकबुक उभे ठेवा, आडवे रचून नको. दाबाने डिंक चिकटतो. प्लास्टिकचा उग्र वास येणाऱ्या वह्या आणि पिशव्या बदला, त्यातली रसायने शाई खातात. सुगंधी तिकिटे वेगळ्या पाकिटात ठेवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याआधी वहीजवळ सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ऑक्टोबरमध्ये एखाद्या कोरड्या दिवशी पाने सावलीत उघडून कसर लागली आहे का ते पाहा. मोलाच्या नगांचे फोटो, प्रमाणपत्राच्या प्रती आणि कॅटलॉग क्रमांक यांची एक यादी करून ती वहीपासून दूर, घरच्या कागदपत्रांत ठेवा, आणि ती कुठे आहे हे घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.